दुसरा फासा कोणाच्या हाती?

प्रवेश परीक्षा वर्षातून एकदा घ्यावी की दोनदा, आणि दोनदा घेतल्यास विद्यार्थ्याचे कोणते गुण ग्राह्य धरावेत, हा प्रश्न वरवर पाहता परीक्षा-यंत्रणेच्या कचेरीत बसून सोडविण्याचा वाटतो. गोव्यापुरते तरी तो आता तसा राहिलेला नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आपल्याकडील अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी गोव्यातल्या गोव्यात होणाऱ्या सामाईक प्रवेश परीक्षेची जागा 'जेईई मेन' या अखिल भारतीय परीक्षेने घेतली. ही परीक्षा २०१९ पासून वर्षातून दोनदा, म्हणजे जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होऊ लागली. महामारीच्या २०२१ साली तर ती चारदा झाली. विद्यार्थ्याने एकदा बसावे वा दोनदा. दोनदा बसल्यास त्यातल्या त्यात वरचढ ठरलेले गुणांकन गुणवत्ता यादीसाठी धरले जाते, दुसरे विसरले जाते. शेजारच्या महाराष्ट्रानेही आपली 'एमएचटी-सीईटी' २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी दोनदा घेण्याची आणि अधिक गुणांची परीक्षा ग्राह्य धरण्याची घोषणा २०२५ मध्ये केली. केंद्रीय मंडळाने तर दहावीलाच २०२६ पासून दुसऱ्या परीक्षेची सोय ठेवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शालान्त परीक्षांसाठी एका वर्षात दोन संधींची शिफारस होतीच. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे सांगावयास ज्योतिषी नको.

या बदलाचे आम्ही स्वागत करतो. परंतु स्वागताचा हार घालताना, तो हार पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मुलांच्या गळ्यापर्यंत पोचतो की नाही, हेही पाहिले पाहिजे. नेमक्या याच ठिकाणी आमचे समाधान होत नाही.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. मुक्तीपूर्वी येथील मुले मराठी शाळेतून निघून मॅट्रिकसाठी बेळगाव-मुंबईची वाट धरीत. मुक्तीनंतर १९७५ साली गोव्याचे स्वतंत्र शालान्त मंडळ स्थापन होईपर्यंत महाराष्ट्राच्याच एस. एस. सी. परीक्षेवर आपले भवितव्य टांगलेले असे. त्या काळी मार्च आणि ऑक्टोबर असे दोन हंगाम होते. पण ऑक्टोबर हा नापासांचा महिना! 'ऑक्टोबरला सुटला' हे वाक्य पुढे लग्नाच्या बोलण्यांतही कोणी तरी हळूच काढीत असे. दुसरी संधी होती, पण तिला कलंक चिकटलेला होता आणि जो एकदा उत्तीर्ण झाला त्याला आपले गुण सुधारण्यासाठी ती सहसा उपयोगाची नव्हती. आज चित्र पार पालटले आहे. आज दुसऱ्यांदा बसणारा हा नापास झालेला नसतो. बहुधा तो चांगले गुण मिळविलेला आणि अधिक चांगल्या गुणांची आकांक्षा धरणारा असतो. कलंक गेला हे उत्तमच झाले. पण कलंकाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. ऑक्टोबरची परीक्षा गरजवंतासाठी होती. आताची दुसरी परीक्षा ज्याला जमेल त्याच्यासाठी आहे.

एकाच परीक्षेवर सारे अवलंबून ठेवावे असे म्हणणारे आजही आहेत. त्यांच्या मते खरी गुणवत्ता एका बैठकीतच कळते. पुन्हा पुन्हा संधी देणे म्हणजे लाड. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली रीत या मंडळींना फार आवडते. परंतु शितावरून भात कळतो तो एवढ्यासाठी की पातेल्यातली सारी शिते एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेली असतात. विद्यार्थ्याचे सारे दिवस एका आचेवरचे नसतात. आदल्या रात्री ताप भरला, घरात कोणी अत्यवस्थ झाले, संगणकाच्या पडद्यापुढे पहिल्यांदाच बसताना हात थरथरला, तर त्या तीन तासांवरून बारा वर्षांच्या अभ्यासाचे मोल ठरविणे यात न्याय कसला? दोन परीक्षा असाव्यात हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

मात्र दोन परीक्षा आणि त्यांतील 'चांगले ते घ्यावे' हा नियम, या दोहोंचा एकत्र परिणाम काय होतो हे जरा हिशेबाने पाहिले पाहिजे. साधा सहा बाजूंचा फासा घ्या. तो एकदाच टाकायचा असेल तर सरासरी दान साडेतीन पडते. दोनदा टाकून त्यांतले मोठे दान धरण्याची मुभा असेल तर तीच सरासरी जवळजवळ साडेचारवर जाते. एका टाकीत सहा पडण्याची शक्यता सहांत एक. दोन टाकींत ती छत्तिसांत अकरा, म्हणजे दुपटीला थोडीच कमी. फासा तोच आहे, टाकणाराही तोच. त्याने मध्यंतरी काहीही नवे शिकलेले नाही. केवळ दुसऱ्यांदा टाकता आले एवढ्याच भांडवलावर तो एका घराने पुढे सरकला. परीक्षा म्हणजे निव्वळ जुगार, असे आम्ही म्हणत नाही. अभ्यासाचा वाटा त्यात मोठाच असतो. पण नशिबाचाही वाटा असतो, आणि तो वाटा दोनदा टाकणाऱ्याच्याच बाजूने झुकतो. आता खेळात काही जणांना दोन टाकी आणि काहींना एकच मिळत असेल, तर त्या खेळाला निःपक्षपाती म्हणणे कठीण जाईल. नियम सर्वांना सारखाच आहे, असे उत्तर यावर मिळेल. नियम सारखा आहे, यात वाद नाही. फासा हाताशी येणे सारखे आहे का, हा आमचा प्रश्न आहे.

२०२५ सालच्या 'जेईई मेन'चे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. जानेवारीच्या सत्राला सुमारे १२ लाख ५८ हजार विद्यार्थी बसले, एप्रिलच्या सत्राला सुमारे ९ लाख ९२ हजार. दोन्ही मिळून परीक्षेला बसलेले वेगवेगळे विद्यार्थी होते सुमारे १४ लाख ७५ हजार, आणि दोन्ही सत्रांना बसलेले सुमारे ७ लाख ७५ हजार. म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक मुलांनी दोन्ही फासे टाकले. उरलेल्या सुमारे सात लाखांनी एकच. या सात लाखांत जानेवारीतच मनाजोगते गुण मिळाले म्हणून थांबलेले असतील आणि आपली ही वाट नव्हे असे ओळखून बाजूला झालेलेही असतील. पण दुसरे शुल्क, दुसरी रजा, दुसरा प्रवास झेपला नाही म्हणून थांबलेले त्यात किती? सुमारे २ लाख १७ हजार मुले केवळ एप्रिललाच बसली. जानेवारीची संधी त्यांनी का सोडली, हे शोधण्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. कोरगाव वा मये येथील बारावीच्या कोणत्याही वर्गशिक्षकाला विचारावे.

तो सांगेल की जानेवारी हा बारावीच्या मुलाच्या आयुष्यातला सर्वांत वाईट महिना. २०२५ मध्ये जानेवारीचे सत्र २२ तारखेला सुरू झाले आणि आपल्या गोवा मंडळाची बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या १० तारखेस. मधल्या दिवसांत प्रात्यक्षिके, पूर्वपरीक्षा, वह्यांची पूर्तता. पणजी-मडगावच्या शिकवण्यांत ज्यांचा अभ्यासक्रम दिवाळीपूर्वीच संपतो आणि उजळणीच्या दोन फेऱ्या नाताळापर्यंत पार पडतात, त्यांना जानेवारीचा फासा खरोखरीच टाकता येतो. ज्याचा भौतिकशास्त्राचा शेवटचा धडा शाळेत डिसेंबरअखेर चालू असतो, त्याच्या दृष्टीने जानेवारीची परीक्षा ही शुल्क भरून पाहिलेली रंगीत तालीम होय. कागदावर दोघांनाही दोन संधी! एकाला दोन, आणि दुसऱ्याला एक व एक तालीम. बरे, तालीम फुकट नाही. २०२५ मध्ये सर्वसाधारण गटातील मुलास एका सत्राचे शुल्क १००० रुपये होते आणि मुलीस ८०० रुपये. शहरातल्या नोकरदाराला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. डिचोलीच्या खाणपट्ट्यात ती क्षुल्लक नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या न झाल्या तोच २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, आणि ज्या घरांची चूल ट्रकच्या चाकावर चालत होती त्यांनी ट्रक विकले किंवा अंगणात गंजत ठेवले. त्या वर्षांत पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज प्रवेश परीक्षांच्या उंबरठ्यावर आली आहेत किंवा तो ओलांडून गेली आहेत. पेडण्याची कथा निराळी, पण फार निराळी नव्हे. मोपाच्या पठारावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली. पठाराखालच्या वाड्यांतून सकाळी वेळेवर परीक्षेला पोचविणारी बस मात्र अजून भरवशाची झालेली नाही.

येथे तालुक्यांचा उल्लेख आम्ही केवळ भावनेपोटी करीत नाही. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षणाचा प्रकाश तेथवर फारसा पोचला नाही; तेथे अक्षरओळख टिकली ती देवळाच्या सभामंडपात आणि ओसरीवर चालणाऱ्या मराठी शाळांमुळे. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत वाडीवाडीवर प्राथमिक शाळा गेली, पुढे माध्यमिक विद्यालये आली, उच्च माध्यमिक आली, विर्नोड्यास शासकीय महाविद्यालय उभे राहिले. ती पहिल्या संधीची लढाई होती. ती जिंकली म्हणून आता दुसऱ्या संधीच्या लढाईत हातपाय गाळून बसावे, असे कोणी म्हणणार नाही.

गुण निवडण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द. 'जेईई मेन'मध्ये विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष गुण धरले जात नाहीत. शंभरांतील किती जण त्याच्या मागे राहिले हे सांगणारा शतमान, तोही दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत, धरला जातो. प्रश्नपत्रिका निरनिराळ्या असल्याने असे काही करणे भाग आहे, हे आम्ही जाणतो. परंतु शतमान हे विद्यार्थ्याचे जितके माप तितकेच त्याच्यासोबत बसलेल्यांचेही माप असते. जानेवारीचा जमाव आणि एप्रिलचा जमाव एकसारखा नसतो. एप्रिलमध्ये बसणाऱ्या दहांतील जवळजवळ आठ जण एकदा परीक्षेतून गेलेले, सावध झालेले असतात. त्या सरावलेल्या जमावात पहिल्यांदाच उतरणाऱ्या पेडण्याच्या मुलाचा शतमान आणि जानेवारीच्या मिश्र जमावात मिळविलेला दुसऱ्या कोणाचा शतमान, हे दोन्ही एकाच गजाने मोजल्याप्रमाणे एका यादीत ओवले जातात. सात दशांश स्थळांच्या अचूकतेचा देखावा करणाऱ्या यंत्रणेने या ढोबळ गोष्टीकडे काणाडोळा करावा, हे आम्हांस विचित्र वाटते.

'कोणते गुण ठेवायचे' ही निवड प्रत्यक्ष विद्यार्थ्याच्या हाती आली की काय होते, याचे एक दर्शन २०२४ च्या 'नीट' प्रकरणात देशाला घडले. त्या वर्षी ४ जून रोजी निकाल लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडल्याचे पाहून सारेच चक्रावले. काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याची भरपाई म्हणून १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्यात आले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १३ जून रोजी ते गुण मागे घेण्याचे ठरले आणि या मुलांपुढे पर्याय ठेवण्यात आला: वाढीव गुणांविना आपले मूळचे गुण पत्करा, नाहीतर २३ जूनला पुन्हा परीक्षा द्या. दहा दिवसांची मुदत! ८१३ जण बसले, ७५० जणांनी पदरी पडले ते पवित्र मानले. प्रशासनाने केलेल्या गोंधळाचा निवाडा करण्याचे ओझे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर टाकले गेले. आणि त्याला नाव दिले गेले पर्याय. निवडीचे स्वातंत्र्य देणे म्हणजे न्याय करणे नव्हे, एवढे तरी त्या दहा दिवसांनी शिकविले असेल अशी आशा आहे.

अमेरिकेत ही निवड रूढ आहे. तेथील महाविद्यालयीन प्रवेशाची 'सॅट' परीक्षा मुले अनेकवार देतात, आणि २००९ पासून तर कोणत्या तारखेचे गुण महाविद्यालयास पाठवावेत हे ठरविण्याची मुभाही परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांना दिली. कित्येक विद्यापीठे आणखी पुढे जाऊन एका दिवसाचे गणिताचे आणि दुसऱ्या दिवसाचे भाषेचे गुण जोडून सर्वोत्तम बेरीज करून घेतात. जॉर्जटाउनसारखे विद्यापीठ मात्र झालेल्या साऱ्या परीक्षांचे गुण मागते. कमी पडलेले गुण झाकून ठेवणे हा अप्रामाणिकपणा नव्हे काय, असा प्रश्न आपल्याकडील काही पालक करतात. आम्हांस तसे वाटत नाही. नियमाने जी मुभा दिली ती घेण्यात लबाडी कोणती? गवई मैफलीपूर्वीचा रियाज श्रोत्यांना ऐकवीत नाही. पण तेथील खरा धडा निराळाच आहे. गुडमन, गुरान्ट्झ आणि स्मिथ या तीन अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले की दुसऱ्यांदा परीक्षा दिल्याने गुण खरोखरच वाढतात, चांगल्या महाविद्यालयात जाण्याची शक्यता वाढते, आणि तरीही गरीब घरांतील मुले दुसऱ्यांदा बसण्याचे प्रमाण कमीच राहते. सर्व थरांतील मुले सारख्याच प्रमाणात दुसऱ्यांदा बसली, तर चार वर्षांच्या महाविद्यालयांतील प्रवेशाबाबत श्रीमंत व गरीब यांच्यात जे अंतर आहे त्यातले दहा टक्क्यांपर्यंतचे अंतर एवढ्यानेच मिटेल, असा त्यांचा अंदाज आहे. गंमत अशी की ज्यांचे गुण शंभराच्या पटीहून किंचित कमी पडतात ती मुले पुन्हा बसतात, आणि पट गाठलेली घरी राहतात. मनुष्यस्वभाव सातासमुद्रापलीकडेही असाच! मात्र तेथे गरीब विद्यार्थ्यास एक सोडून दोन परीक्षांचे शुल्क माफ होते, हे विसरता कामा नये.

वैद्यकीय प्रवेशाची कथा याहून कडू आहे. 'नीट' वर्षातून एकदाच होत आली. तेव्हा तेथे दुसऱ्या फाशाची किंमत हजार रुपये नसून अख्खे एक वर्ष असते. किती वेळा बसावे यावर बंधन नाही, आणि २०२२ पासून वयाची वरची मर्यादाही उठली. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, तेथील वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा बसून आलेल्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. चार वर्षांत एवढी उलथापालथ! बारावी होऊन वर्षभर घरी वा कोट्याला बसून राहणे ज्या घराला परवडते त्याच घरातून डॉक्टर निघणार असतील, तर बांबोळीच्या महाविद्यालयातून बाहेर पडून पेडण्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन बसण्याची आस कोणाला राहील? आमचे प्रतिस्पर्धी म्हणतील, तर मग प्रयत्नांवर मर्यादा घाला. आयआयटीच्या 'अॅडव्हान्स्ड' परीक्षेला तशी सलग दोन वर्षांत दोनदाचीच मर्यादा होती. ती २०२४ च्या नोव्हेंबरात तीनवर नेली गेली आणि तेरा दिवसांत पुन्हा दोनवर आणली गेली. त्या तेरा दिवसांत ज्यांनी चालू अभ्यासक्रम सोडले, त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. मर्यादा असावी की नसावी यावर मतभेद होऊ शकतात. मर्यादा पंधरवड्यात दोनदा बदलू नये, यावर होऊ नयेत.

गोवा शासनाने अखिल भारतीय परीक्षा स्वीकारली तेव्हा एक जबाबदारीही स्वीकारली. परीक्षेच्या तारखा दिल्लीत ठरतात, हे खरे. बारावीच्या परीक्षेच्या तारखा मात्र आपल्याच मंडळात ठरतात. जानेवारीचे सत्र आणि बारावीची परीक्षा यांत निदान महिन्याचे अंतर राहील अशी आखणी करणे अशक्य नाही. दुसऱ्या सत्राचे शुल्क, शासकीय व अनुदानित उच्च माध्यमिक विद्यालयांतील अल्प उत्पन्न गटाच्या मुलांपुरते तरी, राज्याने भरावे. विमानतळाच्या एका उद्घाटन मंडपाचा खर्च पाहता कोषागारास घाम फुटण्याचे कारण नाही. परीक्षेच्या दिवशी पेडणे व डिचोली येथून कदंब महामंडळाच्या गाड्या केंद्रांपर्यंत सुटाव्यात. उच्च माध्यमिक विद्यालयांतील संगणक कक्ष डिसेंबरात सराव परीक्षांसाठी संध्याकाळी उघडे ठेवावेत, म्हणजे जानेवारीची तालीम शाळेतच फुकट होईल आणि जानेवारीची परीक्षा खरी परीक्षा ठरेल.

आणि याहून आधी एक गोष्ट. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जण एका सत्राला बसले होते, किती दोन्हींना, किती जण वर्ष थांबून आले होते आणि ते कोणत्या तालुक्यातले, हे जाहीर व्हावे. पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे प्रत्येक प्रवेशार्थ्याचा अर्ज असतो, अर्जावर पत्ता असतो, सोबत गुणपत्रक जोडलेले असते. बारा तालुक्यांचा तक्ता मांडावयास एका कारकुनाला दोन दिवस पुरेत.